बहर ओसरल्यावरचे गाव : रुबीव्हेल आणि चाळणीतला नीलमणी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, पूर्व किनाऱ्याजवळच्या रॉकहॅम्प्टन शहरापासून पश्चिमेकडे सुमारे २७० किलोमीटर गेले की एमराल्ड नावाचे शहर लागते. त्याच्याही पश्चिमेला महामार्गावर अनाकी हे छोटेसे गाव आहे. तेथून उत्तरेकडे वळणाऱ्या रस्त्यावर प्रथम सफायर आणि मग रुबीव्हेल अशा दोन वस्त्या येतात. मकरवृत्त याच परिसरातून जाते. विरळ झाडी, तांबूस माती, पत्र्याची घरे, रस्त्याच्या कडेला रत्ने विकणारी लहान दुकाने आणि जिकडेतिकडे उपसलेल्या खडीचे ढीग, असे या भागाचे प्रथमदर्शनी रूप आहे. लोकसंख्या इतकी अल्प की आपल्याकडच्या एखाद्या लहान पंचायतीतही ती सहज सामावून जावी.

नावांनी मात्र येथे गंमत केली आहे. एमराल्ड म्हणजे पाचू, पण त्या शहराच्या नावाचा पाचूच्या खाणीशी संबंध नाही. रुबीव्हेल म्हणजे माणकांची दरी, पण तेथे माणिक क्वचितच सापडते. नावाला खरे उतरले ते एकटे सफायर, म्हणजे नीलमणी. या साऱ्या टापूची कीर्ती नीलमण्यांवर उभी आहे. तो एक काळी जगाच्या बाजारपेठेला माल पुरवीत होता. आज मोठा बहर ओसरला आहे, तरीही गाव ओस पडलेले नाही. दरवर्षी हजारो माणसे कुदळ, फावडे आणि चाळण घेऊन येथे येतात आणि जुन्या खाणकामगारांनी मागे टाकलेल्या मातीत आपले नशीब शोधतात. खनिजावर जगणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने समजून घ्यावी अशी ही व्यवस्था आहे.

कुरुंदाचे दोन वंशज

मराठीत ‘कुरुंद’ हा शब्द जुना आहे. हत्यारांना धार लावण्यासाठी आणि रत्ने घासण्यासाठी वापरला जाणारा हा कठीण दगड. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. रसायनदृष्ट्या कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे संयुग. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अल्प अंश मिसळला की तो लाल होतो आणि त्याला माणिक म्हणतात. लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की निळा नीलमणी होतो. केवळ लोह असेल तर पिवळ्या किंवा हिरव्या छटा येतात. म्हणजे माणिक आणि नीलम ही एकाच घरातील भावंडे होत. कठीणपणाच्या प्रचलित मापपट्टीवर हिऱ्याला १० गुण, तर कुरुंदाला ९ गुण आहेत.

रुबीव्हेलच्या परिसरात निळ्याबरोबरच पिवळे, हिरवे आणि एकाच खड्यात दोन-तीन रंग असलेले नीलम सापडतात. हे बहुरंगी खडे या भागाची खास ओळख ठरले आहेत. निळ्या खड्यांत लोहाचे प्रमाण अधिक असल्याने त्यांचा रंग पुष्कळदा गडद, शाईसारखा दिसतो. बाजारात त्यांना श्रीलंकेच्या फिकट, तेजस्वी नीलमाइतका भाव मिळत नाही. याचे मूळही मातीपेक्षा खोल, ज्वालामुखीत आहे.

कोट्यवधी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखी जागृत होते. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त शिलारसाने खोलवर तयार झालेले कुरुंदाचे स्फटिक आपल्याबरोबर वर आणले. पुढे ऊन-पावसाने तो बेसाल्ट खडक झिजला. स्फटिक मात्र कठीण असल्याने टिकले. ओढ्यानाल्यांनी ते वाहून नेले आणि गोट्या-वाळूच्या थरांत साठवले. हे प्राचीन प्रवाह आता मातीखाली गाडले गेले आहेत. रत्ने धारण करणाऱ्या त्या थराला तेथील लोक ‘वॉश’ म्हणतात. हा थर कोठे पृष्ठभागालगत असतो, तर कोठे अनेक मीटर खोल.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न साहजिकच येईल. महाराष्ट्राचा सह्याद्री तर बेसाल्टचाच बनलेला आहे, मग तेथे नीलम का नाहीत? उत्तर असे की सर्व बेसाल्ट एकसारखे नसतात. नीलम वर आणणारा बेसाल्ट अल्कली-समृद्ध प्रकारचा असतो आणि तो फार खोलातून वेगाने वर येतो. दख्खनचे विस्तीर्ण लाव्हाथर बहुतांशी निराळ्या जातीचे आहेत. त्यांच्या पोकळ्यांत नीलम नव्हे, तर अकीक आणि झिओलाइटचे देखणे स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील झिओलाइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत मानाने ठेवलेले असतात.

रेल्वे, राजदरबार आणि रोख पैसे

अनाकीजवळच्या रिट्रीट क्रीक या ओढ्याकाठी १८७५ च्या सुमारास आर्चिबाल्ड रिचर्डसन या भूमापकाला रत्नखडे आढळले, अशी नोंद आहे. अर्थात तोवर ही भूमी निर्मनुष्य नव्हती. मूळ आदिवासी समाज येथे हजारो वर्षे वावरत होते. ‘शोध’ हा शब्द वसाहतीच्या दप्तरातला आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. १८८० च्या दशकात किनाऱ्याकडून आलेला लोहमार्ग या भागातून पुढे पश्चिमेला गेला आणि दुर्गम माळरान बंदराशी जोडले गेले. त्याच दशकात काश्मीरच्या पाडर भागात हिमालयाच्या उंच उतारावर जगातील सर्वांत नावाजलेले नीलम उघडकीस आले होते. तो साठा काही वर्षांतच बहुतांशी रिता झाला. क्वीन्सलँडचे नीलम तेवढे तोलामोलाचे नव्हते, पण ते विपुल होते आणि विस्तृत प्रदेशावर पसरलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी येथे जर्मन व्यापारी माल घेऊ लागले. पैलू पाडलेल्या खड्यांना रशियाच्या राजघराण्यात आणि सरदारवर्गात मागणी होती. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, जर्मन गिऱ्हाईक एका रात्रीत शत्रू ठरले. १९१७ च्या रशियन क्रांतीने उरलेली मागणीही संपवली. जमिनीतील रत्ने तेथेच होती, खोदणारे हातही तेथेच होते, पण हजारो कोसांवरच्या राजकारणाने गावाची चूल विझवली. खाणीवर जगणाऱ्या गावाची दुबळी बाजू हीच असते. त्याचा भाव दुसरीकडे ठरतो.

मंदीच्या दिवसांत मोजकी कुटुंबे टिकून राहिली. त्यांच्यातलीच एक कथा आज दंतकथेसारखी सांगितली जाते. १९३० च्या दशकात रॉय स्पेन्सर नावाच्या मुलाला एक मोठा काळा दगड सापडला. घरच्यांना त्याचे मोल कळले नाही आणि तो दार आपटू नये म्हणून अडकवून ठेवण्याच्या कामी पडला. पुढे १९४७ मध्ये हॅरी कझांजियन या अमेरिकी रत्नव्यापाऱ्याने तो विकत घेतला. घासून गोलाई दिल्यावर त्याच्या पृष्ठावर सहा किरणांचा तारा उमटला. ‘ब्लॅक स्टार ऑफ क्वीन्सलँड’ या नावाने गाजलेल्या या ताराधारी नीलमाचे वजन ७३३ कॅरट, म्हणजे सुमारे १४७ ग्रॅम आहे. या कथेचे खरे मर्म मुलाच्या नशिबात नाही. रत्न ओळखणारा डोळा आणि त्याला घडवणारा हात गावात नव्हता, म्हणून मोलाचा मोठा वाटा गावाबाहेर गेला. मर्म आहे ते येथे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुसरा बहर आला. या वेळी गिऱ्हाईक थायलंडचे होते. गडद ऑस्ट्रेलियन नीलम विशिष्ट तापमानाला तापवून त्यांचा रंग उजळवण्याची विद्या थायी कारागिरांनी हस्तगत केली होती. त्यांचे व्यापारी थेट खाणींवर येऊन कच्चा माल घेऊ लागले. यंत्रे आली, मोठे खड्डे पडले, धुलाईचे कारखाने धडधडू लागले. येथला माल थायलंडमध्ये तापवला, कापला जाई आणि पुष्कळदा निराळ्या देशाच्या नावाने जगात विकला जाई. पुढे सोपी जमीन संपत आली, खर्च वाढला, मादागास्करसारख्या नव्या प्रदेशांतून नीलमांचा पूर आला आणि यंत्रांची घरघर मंदावली. याच परिसरातील कोळसा खाणी प्रचंड यंत्रसामग्रीनिशी चालू राहिल्या. नीलमाची भूमी मात्र पुन्हा लहान माणसाच्या हाती आली.

‘फॉसिकिंग’ म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियात १८५० च्या दशकातील सुवर्णशोधाच्या काळात ‘फॉसिक’ हे क्रियापद रूढ झाले. इतरांनी खणून सोडलेल्या जागी, फटी-कपारींत उरलेसुरले सोने धुंडाळणे हा त्याचा अर्थ. आपल्याकडे पीक काढल्यावर शेतात उरलेला सरवा वेचतात, तसाच हा खाणीतला सरवा. आज हौसेखातर रत्ने, सोने किंवा स्फटिक शोधणाऱ्याला तेथे ‘फॉसिकर’ म्हणतात.

क्वीन्सलँडने या हौसेसाठी १९९४ साली स्वतंत्र कायदाच केला. त्याची चौकट सुबोध आहे. शोधणाऱ्याने अल्प शुल्क भरून परवाना घ्यायचा. तो एकट्याला मिळतो, तसा कुटुंबालाही मिळतो. केवळ हाताची अवजारे वापरायची, यंत्राला मज्जाव. नैसर्गिक पृष्ठभागापासून दोन मीटरपेक्षा खोल जायचे नाही, आडवा बोगदा काढायचा नाही. हा उद्योग मनोरंजन, पर्यटन किंवा शिक्षणासाठी करायचा, उपजीविकेचा धंदा म्हणून नव्हे. या मर्यादांत राहून जे सापडेल ते शोधणाऱ्याचे. रुबीव्हेल आणि सफायरच्या आसपास काही क्षेत्रे यासाठी शासनाने मुक्रर केली आहेत. अन्यत्र, खासगी जमिनीवर, मालकाची अनुमती आवश्यक असते.

ज्याला हा व्यवसाय म्हणूनच करायचा आहे, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे. त्याला लहान आकाराचा खाणपट्टा घ्यावा लागतो आणि जमीन पूर्ववत करण्याची हमी द्यावी लागते. असे छोटे खाणकामगार आजही येथे काम करतात. हौशी, छोटा व्यावसायिक आणि मोठी कंपनी या तिघांना एकाच फूटपट्टीने न मोजता प्रत्येकासाठी निराळी रेघ आखणे, हे या कायद्याचे वैशिष्ट्य होय.

चाळणीचे शास्त्र

शोधाची रीत वरकरणी साधी दिसते, पण तिच्यामागे भौतिकशास्त्र आहे. प्रथम ‘वॉश’चा थर ओळखावा लागतो. गोलसर, घासलेले गोटे आणि त्यांना धरून ठेवणारी चिकट माती ही त्याची खूण. या थरात ‘बिली’ नावाचे कठीण, सिलिकायुक्त धोंडे आढळतात. ते दिसले की जुना शोधक सावध होतो. खणलेला माल एकावर एक ठेवलेल्या दोन चाळण्यांतून काढतात. वरची मोठे दगड अडवते, खालून बारीक माती गळून जाते, मधल्या आकाराची खडी उरते. ती पाण्यात धुवायची.

यानंतरची पायरी निर्णायक असते. पाण्याने भरलेल्या पिंपावर आडव्या दांड्याच्या आधाराने चाळण टांगलेली असते. या साधनाला तेथे ‘विलोबी’ म्हणतात. दांडा वरखाली हलवला की चाळण पाण्यात लयीत उचलली आणि बुडवली जाते. प्रत्येक झोक्याला खडी क्षणभर पाण्यात तरंगते आणि पुन्हा बसते. गारगोटीची घनता सुमारे २.६५, तर नीलमाची सुमारे ४. जड खडे आधी खाली बसतात आणि हळूहळू चाळणीच्या तळाशी मध्यावर गोळा होतात. मग चाळण एका झटक्यात ओल्या गोणपाटावर पालथी घालतात. तळचा माल आता वर येतो. मधोमध काळपट खड्यांचे वर्तुळ दिसते आणि नीलम असलाच तर तो तेथेच असतो. त्याच्यासोबत झिरकॉनही सापडतो, कारण त्याची घनता आणखी जास्त, सुमारे ४.६ इतकी आहे.

कच्चा नीलम दागिन्यातल्या नीलमासारखा चमकत नाही. तो बाटलीच्या झिजलेल्या तुकड्यासारखा, किंचित तेलकट झाक असलेला दिसतो. चिमट्याने उचलून उन्हासमोर धरल्यावरच त्याचा रंग खुलतो. बहुतेक खडे लहान, भेगाळलेले किंवा अपारदर्शक निघतात. पैलू पाडण्याजोगा खडा मिळणे हा अपवाद होय. ज्यांना खणण्याचे बळ नाही, ते स्थानिक व्यावसायिकांकडून ‘वॉश’ची बादली विकत घेतात आणि जागेवरच धुऊन पाहतात. शिवाय एक बिनकष्टाची जुनी रीतही आहे. पाऊस पडून गेला की माती धुऊन निघते. मग सूर्य समोर ठेवून, नजर जमिनीवर रोखून सावकाश चालत राहायचे. चकाकेल ते उचलायचे.

येथे येणाऱ्यांत कारॅव्हॅन घेऊन देशभर हिंडणारी निवृत्त जोडपी पुष्कळ असतात. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे कोरडा, सौम्य हिवाळा असतो. तोच हंगाम. उन्हाळ्याच्या काहिलीत खणणे जिकिरीचे. हंगामात दुकाने, तंबूतळ आणि जुन्या भूमिगत खाणी दाखवणारे मार्गदर्शक यांना काम मिळते. ऑगस्टमध्ये अनाकीला रत्नमेळा भरतो. आणि महत्त्वाचे म्हणजे, काही कारागीर आता गावातच खड्यांना पैलू पाडतात, दागिने घडवतात आणि खडा नेमका कोठल्या जमिनीतून आला हे सांगून विकतात. दुसऱ्या देशाच्या नावाने माल खपवण्याच्या काळापासून गावाने एवढी मजल मारली आहे.

सारेच गोमटे नाही

या चित्राला दुसरी बाजूही आहे. शतकभराच्या खोदाईने या भूमीत असंख्य जुने खड्डे आणि विहिरीसारख्या उभ्या खाणी सोडल्या आहेत. गवताने झाकलेल्या खड्ड्यात माणूस वा जनावर पडण्याचा धोका असतो. हौशी शोधकानेही आपला खड्डा बुजवूनच जावे, अशी अपेक्षा असते. पाण्याची टंचाई नित्याची. पर्यटन हंगामी असल्याने वर्षभराची शाश्वती नाही. चाळणीतल्या सरव्यावर कोणी श्रीमंत झाल्याचे उदाहरण विरळा. रुबीव्हेल म्हणजे खाणीला सापडलेला रामबाण पर्याय असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतात याच्या जवळचे उदाहरण शोधायचे तर मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्याकडे पाहावे लागेल. तेथे सामान्य माणसाला अल्प शुल्कात ८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असा जमिनीचा तुकडा हिरा शोधण्यासाठी मिळतो. हिरेधारक खडीला तेथे ‘चाल’ म्हणतात आणि ती धुऊन, वाळवून, हाताने निवडली जाते. मात्र सापडलेला हिरा शासनाच्या हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. त्याचा लिलाव होतो आणि स्वामित्वधन वजा जाता रक्कम शोधणाऱ्याला मिळते. रुबीव्हेलचा फॉसिकर सुट्टी घालवायला आलेला असतो. पन्नाचा मजूर पोटासाठी खणत असतो. अवजारे तीच, कुदळ आणि चाळण. अर्थ मात्र निराळा.

गोव्याच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये राज्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा येथील घराघरांत हाच प्रश्न उभा राहिला होता की खाण थांबली तर गावाने काय करायचे? लोहखनिज चाळणीने वेचता येत नाही आणि ते दागिन्यातही बसत नाही. म्हणून रुबीव्हेलची नक्कल येथे करता येणार नाही. तरीही त्या माळरानावरून तीन गोष्टी नक्कीच शिकता येतात. भूगर्भातील संपत्तीत लहान माणसाचा वाटा किती, हे कायद्याने स्पष्ट लिहिता येते. उकरलेली जमीन बुजवणे हा उपकार नसून अट असू शकते. आणि कच्चा माल बाहेर पाठवणाऱ्या गावापेक्षा, थोडा का होईना, तो स्वतः घडवणारे गाव बाजाराच्या लाटेत अधिक काळ तग धरते.

रुबीव्हेलच्या खडीच्या ढिगांत अजूनही नीलम आहेत, कारण यंत्राच्या घाईत जे सुटले ते तेथेच पडून आहे. ते वेचायला वेळ लागतो, पाठ दुखते, आणि बहुतेक दिवशी संध्याकाळी हाती चिमूटभर काळे खडेच उरतात. तरी माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. त्यांच्या येण्यावरच आज हे गाव उभे आहे.